सपाटीवर चाला

घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या हातात एक जाडजूड फाईल, सात प्रकारच्या गोळ्या आणि एक वाक्य दिलं. "रोज चालायचं, पण सपाटीवर. चढ दोन महिने बंद."

डॉक्टर नाशिकचे. त्यांचा दोष नाही. पण फाईलच्या पहिल्याच पानावर माझा पत्ता होता आणि त्यात इगतपुरी हा शब्द होता. पंढरपूरच्या माणसाला आषाढीत गर्दी टाळा म्हणून सांगावं, तसं ते झालं. आमच्या हिनं तिथल्या तिथे विचारलं, "सपाटी म्हणजे किती सपाट हो डॉक्टर?"

"म्हणजे आपला साधा रस्ता."

ही माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघायला लागलो. आमच्या दारातून बाहेर पडलं की उजवीकडे चढ आहे आणि डावीकडे उतार आहे. उतारानं गेलात तर फसगत ठरलेली, कारण घरी येताना तोच चढ होतो.

इगतपुरी हे गावच मुळी चढ संपतो म्हणून आहे. कसाऱ्याहून निघालेली गाडी थळ घाट चढून वर येते आणि जिथे दम खाते, ती इगतपुरी. १८६५ साली या घाटातून गाडी सुरू झाली. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की १ फूट वर. कागदावर हा आकडा फार गरीब दिसतो. पण भल्याभल्या इंजिनांना तो एकट्यानं झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला आणखी दोन-तीन इंजिनं लावतात. ती मागून ढकलतात. त्यांना बँकर म्हणतात. नोकरीतली बरीच वर्षं मी बँकरवर ड्रायव्हर होतो. "मुलगा बँकर आहे" एवढंच ऐकून आमच्या सासऱ्यांनी स्थळाला होकार दिला होता, आणि त्यांचा गैरसमज दूर करायची घाई आमच्या वडिलांनीही केली नाही.

बँकरवाल्याला पुढचं काही दिसत नाही. समोर काच, आणि काचेपलीकडे शेवटच्या डब्याची पाठ. पंजाब मेल मी कितीदा घाट चढवली याचा हिशेब नाही, पण ती समोरून कशी दिसते हे मला तुमच्याइतकंच माहीत. वर आलं की बँकर सोडायचे. गाडी पुढे मनमाडकडे निघून जायची. आत झोपलेल्या माणसाला, आपल्याला मागून कुणी ढकललं याचा पत्ताही नसायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ढकलणं सोपं असतं. ढकलून घेणं काय असतं ते २०२५च्या फेब्रुवारीत कळलं.

सुरुवात गॅसनं झाली, निदान मी तरी त्याला गॅस म्हणत होतो. बाजारातून पिशवी घेऊन वर येताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं. थांबलं की जायचं. मी ओव्याची चिमूट तोंडात टाकून वर यायचो. एक दिवस ओवा हरला आणि मला नाशिकला नेलं. अँजिओग्राफी झाली. तरुण डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "काका, तीन ब्लॉक आहेत."

"किती वेळाचे?" मी विचारलं.

मध्य रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाला ब्लॉक म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. डॉक्टर मुंबईचे असते तर त्यांनाही हसू आलं असतं.

बायपास झाली. पायातली शीर काढून हृदयाला जोडतात हे मला आधी सांगितलं होतं, पण छातीपेक्षा पाय जास्त ठणकतो हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याचा काही गुन्हा नाही त्यानं जामीन राहावं आणि वसुली त्याच्याकडून व्हावी, तसलाच प्रकार. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा स्टीलच्या तारेनं बांधलेलं असतं. ते जुळून येईपर्यंत दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. वजन ७१चं ६२ झालं. विजार नाडीच्या नाही, देवाच्या भरवशावर राहायला लागली. पलंगावरून उठून खिडकीपर्यंत जायचं तर मी आधी खिडकीकडे बघून अंदाज घ्यायचो, वाटेत खुर्ची आहे ना याची खात्री करायचो आणि मग निघायचो.

बरं होण्याची सुरुवात एका खेळण्यानं होते. प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्या, आत तीन गोळे. नळी तोंडात धरून श्वास घ्यायचा की गोळे वर जातात. पहिल्या दिवशी मी जीव खाऊन फुंकलं. गोळे ढिम्म. नर्स म्हणाली, "आजोबा, फुंकायचं नाही, ओढायचं." ओढलं. एक गोळा अर्ध्यात जाऊन परत आला. घरी आल्यावर सात वर्षांच्या नातीनं ते यंत्र हातात घेतलं, एका दमात तिन्ही गोळे वर नेले, तिथे धरून ठेवले आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या दिवसापासून ती माझी प्रशिक्षक. "आजोबा, दुसरा बॉल नुसता हलला. हललेलं धरत नाहीत."

दुसरं शस्त्र म्हणजे उशी. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे तारांना हिसका बसत नाही. शिंकेला तेच. पण हसण्याचं काय, ते फाईलमध्ये नव्हतं. हसलं की आतून करवत फिरल्यासारखं व्हायचं. माझा एक मित्र आहे, त्याच्या विनोदाला गेल्या चाळीस वर्षांत कुणी हसलेलं नाही. एरवी तो आला की आम्ही दिवा मालवून बसायचो. त्या महिन्यात हिनं त्याला स्वतः फोन करून बोलावलं. भेटायला येणाऱ्यांत वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित असा तो एकटाच होता.

बाकीचे सुरक्षित नव्हते. प्रत्येक जण काहीतरी ढकलायला येत होता. एकानं अर्जुनाची साल आणली, दुसऱ्यानं लसूण, आणि शेजारचे मास्तर रोज सकाळी सहाला दुधीचा रस घेऊन दारात उभे. दुधी कडू निघाला तर रस विषारी असतो, म्हणून ही आधी स्वतः चव बघायची. तिला एका घोटात खात्री पटत नसे. पेल्यात माझ्या वाट्याला चार चमचे उरायचे, आणि मास्तर महिनाभर हिच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय म्हणून दुधीची थोरवी सांगत गावभर फिरत होते.

पुस्तकं तर विचारू नका. डॉ. अभय बंग यांना पन्नाशीच्या आतच हार्ट ॲटॅक आला आणि त्यातून त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. तेव्हापासून मराठी घरात हृदयरोग्याला भेटायला जाताना सफरचंदं आणि हे पुस्तक नेतात. माझ्याकडे चार प्रती जमल्या. पुस्तक मी वाचलं आणि त्यातलं बरंचसं पटलं, हे आधी सांगतो. स्वतः डॉक्टर असलेला माणूस आपल्या जगण्याची अशी उलटतपासणी घेतो, म्हटल्यावर आपल्या ओव्याच्या चिमटीची लाज वाटते. पण चारपैकी एका प्रतीच्या पहिल्या पानावर खोडलेली तीन नावं होती. प्रत्येकाखाली "लवकर बरे व्हा". चौथं नाव माझं. आधीचे तिघे आता कसे आहेत, हे आणणाऱ्याला विचारायचा धीर मला झाला नाही.

साडू मात्र पुस्तकावर थांबणाऱ्यातले नाहीत. ते म्हणाले, "अरे, तुझ्या दारात धम्मगिरीचं विपश्यना केंद्र आहे. जगातून लोक येतात. तू दहा दिवस जाऊन बस."

हे खरं आहे. आमच्या गावाचा हा एक चमत्कारच आहे. जपानहून, युरोपातून माणसं इगतपुरीला सुधारायला येतात, आणि इगतपुरीचा माणूस बिघडला की नाशिकची वाट धरतो. शनिवार-रविवारी मुंबईकर हवा खायला येतात. हवेबरोबर आणखी काय काय खातात ते सोमवारी सकाळी रस्त्याच्या कडेला दिसतं. धम्मगिरीवाले मात्र खरोखर काही खात नाहीत. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी नव्या साधकाला थोडं फळ आणि चहा, दहा दिवस तोंडातून शब्द नाही. आणि या सगळ्याचं मूळ आहे डोकेदुखीत. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीनं इतके हैराण की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायची वेळ आलेली. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरुजींनी आधी नकारच दिला. नुसती डोकेदुखी थांबवण्यासाठी ही साधना नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत, असा त्यांचा मुद्दा. पुढे याच रोग्यानं इगतपुरीला केंद्र उभं केलं आणि १९७६ पासून तिथे शिबिरं सुरू झाली. म्हणजे आमच्या गावाला जगाच्या नकाशावर आणलं ते रेल्वेनं निम्मं आणि एका माणसाच्या कपाळानं निम्मं.

मी साडूंना म्हटलं, "दहा दिवसांचं मौन मला मान्य आहे. पण ते मी घरीच पलंगावर पडून राहीन आणि भेटायला येणाऱ्यांनी पाळायचं." ते चहा न घेता गेले. गुण आला म्हणायचा.

पण सपाटीचा प्रश्न सुटला नव्हता. पहिले पंधरा दिवस मी ओसरीत येरझारा घातल्या. अकरा पावलांत ओसरी संपायची. एका रात्री झोप येईना, छातीवर उशी घेऊन पडलो होतो, तेव्हा एकदम नोकरीतल्या प्रशिक्षणाचा एक धडा आठवला. स्टेशनच्या आवारातला चढ ४०० ला १ पेक्षा तीव्र नसावा, असा रेल्वेचा नियम आहे. नाहीतर उभे केलेले डबे आपल्या मनानं फिरायला निघतात. मी हिला हलवून उठवलं. "अगं, फलाट!" तिला वाटलं मला वात झालाय.

अख्ख्या इगतपुरीत जिच्या सपाटपणाची सरकारी हमी आहे अशी ती एकच जागा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रिक्षानं स्टेशनवर गेलो. फलाट तिकीट दहा रुपये, मुदत दोन तास. हिनं पर्समधून दहाची नोट काढता काढताच गुणाकार केला. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस, महिन्याचे सहाशे, रिक्षा वेगळी. टीसी ओळखीचा, म्हणाला, "साहेब, तुम्हाला कशाला तिकीट?" पण जन्मभर नियमात चाललेल्या माणसाला बायपासनंतर विनातिकीट पकडलं, ही बातमी मला छापून यायला नको होती. शेवटी मी इगतपुरी ते घोटी महिन्याचा पास काढला. पुढचंच स्टेशन, त्यामुळे पास स्वस्त. मी आजतागायत त्या पासावर घोटीला गेलेलो नाही. रेल्वेनं ज्या प्रवाशाला कुठेही न नेता वर्षभर पैसे घेतले असा मी एकटाच असेन. (उशिरा धावणाऱ्या गाड्यांतले प्रवासी याला हरकत घेतील, तो भाग वेगळा.)

पहिल्या दिवशी पहिल्या नळापर्यंत गेलो. तिथे बाकावर बसलो. आठवड्यानं दुसरा नळ. मग पाण्याच्या टाकीसमोरचा खांब. एप्रिलच्या अखेरीला फलाटाचं टोक, जिथे पिवळी पाटी आहे आणि तिच्यावर गावाचं नाव समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट लिहिलेलं आहे. त्या पाटीला हात लावला तेव्हा मला कळसूबाई सर केल्यासारखं वाटलं. ती १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, आमच्या तालुक्याच्या सीमेवरच उभी आहे; पण आता तिचं नी माझं असं काही विशेष अंतर राहिलं नाही.

डॉक्टरांनी वेगाचीही एक खूण दिली होती. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं म्हणजे तुम्ही फार सावकाश चालताय. मला मुळात कुठल्याच वेगाला गाता येत नाही, त्यामुळे अर्धी परीक्षा मी जन्मतःच पास. उरलेली अर्धी प्रवासी घ्यायचे. "काका, गाडी किती वेळ थांबते?" "काका, पाणी कुठे?" "काका, बँकर लावले का सुटले?" शेवटच्या प्रश्नाला मी इतका वेळ उत्तर द्यायचो की विचारणाऱ्याची गाडी हलायला लागायची.

आणि या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास होणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती. वडेवाले. डोक्यावर टोपली, हातात चटणीचं भांडं, गाडी फलाटाला लागायच्या आत धाव, एका खिडकीत वडा, दुसऱ्या खिडकीतून नोट, तिसऱ्या खिडकीत सुटे पैसे, आणि या सगळ्यात घशातून "गरम वडाऽ, वडापाऽव" अखंड चालू. म्हणजे ते चालताहेत, बोलताहेत आणि चाल लावून म्हणताहेत त्याअर्थी गाताहेतसुद्धा. वैद्यकशास्त्राप्रमाणे हे फार सावकाश चाललेलं काम म्हणायला पाहिजे. त्यांच्यातला एक माझ्या वयाचा. मी त्याला विचारलं, "दिवसाला किती पावलं होत असतील रे?"

"पावलं कोण मोजतं? मी वडे मोजतो."

वड्यांबद्दल मी एवढंच सांगतो की तळलेलं सगळं मला बंद आहे. फलाटावर सकाळी सातला पहिली कढई चढते. बेसन, लसूण, हिरवी मिरची आणि वर तळणीतली मिरची मिठात घोळताना उठतो तो ठसका. मी नळापासून खांबापर्यंत नाकानं चालायचो, खांबापासून नळापर्यंत मनानं.

मे महिन्यात मुलगा आठवडाभर सुट्टी काढून कल्याणहून आला. त्या आठवड्यात माझं चालणं असं झालं: ही दहा पावलं पुढे, मागे न बघता; मधे मी; मागे मुलगा, मोबाईलवर माझा वेग मोजत. २०१९ साली राजधानी आमच्या मार्गावरून धावू लागली, तेव्हा तिला एक इंजिन पुढे आणि एक मागे अशी सोय केली. पुश-पुल म्हणतात. बँकर लावायला-सोडायला थांबावं लागत नाही, वेळ वाचतो. आम्हा बँकरवाल्यांना ते जरा लागलंच होतं. आता राजधानीला काय वाटत असेल तेही समजलं. पुढच्याला वाटतं मागचा ढकलतोय, मागच्याला वाटतं पुढचा ओढतोय, आणि मधल्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुला आत्ता जायचंय का?

याच वैतागातून मी ते पाप केलं. मुलगा परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ही दुपारी पडली असताना, कुणाला न सांगता घाटनदेवीला निघालो. दोन महिने कधीच उलटले होते. दम लागत नव्हता. माणूस बरा व्हायला लागला की सगळ्यात धोकादायक होतो. आमच्या खात्याला हे फार पूर्वी कळलेलं आहे. चढताना गाडीला इंजिनं लावतात, पण घाट उतरण्याआधी इगतपुरीला ब्रेक तपासल्याशिवाय एकाही गाडीला सोडत नाहीत. वाटेत कॅच सायडिंग ठेवलेलं आहे; निसटलेली गाडी त्या चढाच्या फाट्यावर घालायची, म्हणजे तिची मस्ती आपोआप जिरते.

माझी मस्ती घाटनदेवीच्या पायऱ्यांवर जिरली. गेलो झोकात. देवीला नमस्कार केला, दरीकडे बघितलं, खाली एक मालगाडी घाट चढत होती, तिला मागून तीन इंजिनं लागलेली बघून ऊर भरून आला. मग परत फिरायला उठलो तर पाय म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. गुडघ्यात पाणी झालेलं. मी अर्धा तास पायरीवर बसून राहिलो. येणारे-जाणारे भाविक समजून पुढ्यातून वळसा घालत होते. एका बाईंनी तर माझ्यासमोर पाच रुपये ठेवले. शेवटी हात करून रिक्षा थांबवली. रिक्षावाला ओळखीचा निघाला. इगतपुरीत ओळखीचा नसलेला रिक्षावाला मिळायला निदान मुंबईला जावं लागतं. मी त्याला शपथ घातली. त्यानं ती पाळली. हिला एका शब्दानं सांगितलं नाही. बाकी सगळ्या गावाला सांगितलं. संध्याकाळी मास्तर दुधी घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "मग, काय म्हणाली देवी?"

ही काही बोलली नाही. नुसती फाईल आणून माझ्या मांडीवर ठेवली, 'चढ' या शब्दावर बोट ठेवलं आणि आत गेली. पाच रुपये मी दुसऱ्या दिवशी देवीच्या पेटीत टाकायला तिच्याकडेच दिले.

त्या वर्षी इगतपुरीत दोन बायपास झाले. दुसरा ५ जूनला, समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा. इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर. आमच्या डोंगराला साधारण ८ किलोमीटरचा बोगदा पाडलाय. मोटारवाले आता घाट न चढता आतून निघून जातात. शल्यक्रियेचं तत्त्व तेच, अडलेला रस्ता सोडून द्यायचा आणि बाजूनं नवा काढायचा. फरक एवढाच की त्या बायपासच्या उद्घाटनाला मुख्यमंत्री आले. माझ्या वेळी साडू.

मग पाऊस लागला. इगतपुरीचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. सकाळी ढग दारातून आत येतात आणि विचारपूस करून मागच्या दारानं जातात. ही म्हणाली, आता तुमचे तुम्ही जात जा, माझे गुडघे धरलेत, मी घरीच बरी. मला आनंद झाला. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, पत्र्यावर धो धो आवाज आणि मी एकटा फलाटावर, आमच्या खात्याच्या भाषेत लाईट इंजिन.

१४ जूनला, शनिवारी, माझ्या हातून अर्धा वडा खाल्ला गेला. खांबाच्या आडोशानं उभा होतो, वडेवाला ओळखीचा, पाऊस पडत होता. याहून जास्त स्पष्टीकरण द्यावं असं मला वाटत नाही. उरलेला अर्धा मी परत केला, ही गोष्ट कुणीही लक्षात घेत नाही. घरी येण्याआधी नळावर तीनदा चूळ भरली, वर वेलदोडा खाल्ला. त्या रात्री ताटात मीठ नसलेली नाचणीची पेज आली. रविवारी दुपारी उकडलेला दुधी. सोमवारी उकडलेला दुधी आणि पेज. असं सलग आठ दिवस. विचारलं तर म्हणाली, "बाजारात दुसरं काही नाही." मी पावसाला दोष देत राहिलो.

ऑगस्टमध्ये नाशिकला तपासणी झाली. तिथे सहा मिनिटांची चाचणी असते. लांबलचक बोळात ३० मीटर अंतरावर दोन खुणा ठेवतात आणि त्यांच्यामध्ये येरझारा घालायला लावतात, म्हणजे चक्क शंटिंग. मार्चमध्ये मी २४० मीटर गेलो होतो. आता ४१०. डॉक्टर खूश झाले. मी मनात हिशेब केला, ताशी ४.१ किलोमीटर. या वेगानं मी बँकर चालवला असता तर मेमो मिळाला असता. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू चढ सुरू करायला हरकत नाही. घरच्यांनी छान काळजी घेतली." मी नम्रपणे म्हटलं, "छे, पावसाळाभर तर मी एकटाच चालतो." ही खिडकीबाहेर बघत होती.

ही शाबासकी मी दुसऱ्या दिवशी वडेवाल्याला सांगितली. तो कांदा-मिरची भरून टोपली उचलत होता. म्हणाला, "एकटे कसले? वहिनी रोज असतात की पुलावर."

मी वर बघितलं. फलाटांवरून पलीकडे जायचा पादचारी पूल. कठड्याशी माणसांची ये-जा. त्यात एक काळी छत्री, आमच्या घरातली, जिची एक काडी मीच तारेनं बांधलेली आहे. तुमचं टोकापर्यंत जाऊन परत येणं होईपर्यंत थांबतात, तो म्हणाला, तुम्ही बाहेर पडायच्या आत पलीकडच्या जिन्यानं उतरून घरी. पहिल्या पावसापासून असंच चाललंय. आणि पुलाला चढायला किती पायऱ्या आहेत ते मला माहीत आहे. धरलेल्या गुडघ्यांनी.

मी वर हात केला नाही. आमच्या लाईनीत मागच्या इंजिनाकडे वळून बघायची पद्धत नाही. टोकाच्या पाटीपर्यंत गेलो, हात लावला, परत फिरलो, आणि निम्म्यात आल्यावर एकदम १४ जून आठवला. खांबाचा आडोसा मी खालून बघितला होता. वरून बघितला नव्हता.

आता तुम्हाला एक विनंती. तुमची गाडी इगतपुरीला थांबली, आणि फलाटावर मफलर गुंडाळलेला, घोटीचा पास खिशात असलेला एक म्हातारा तुमच्या खिडकीसमोरून जाताना हळू झाला, तर खुशाल वडा खा, पण त्याला देऊ करू नका. पुलावरून सगळं दिसतं.